दुष्काळातला बाजार आणि सार्वजनिक काका

हिंजवडी : मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली आणि राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान पार्ककडे जाणारे रस्ते ओस पडले. संगणकावरचे काम घरी गेले. पगार होत राहिले; परंतु त्या पगारांवर उभ्या असलेल्या चहाच्या टपऱ्या, खानावळी, इस्त्रीची दुकाने, भाजीच्या हातगाड्या आणि रिक्षा यांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. बांधकामावरील मजुरांनी मिळेल त्या वाटेने गाव गाठले. मागे राहिलेल्यांसाठी धान्याची पाकिटे आली, शिजवलेले अन्न आले. त्या मदतीचे मोल कोणीही कमी लेखणार नाही. तरीही एक प्रश्न मागे उरतो. संकट लांबत जाते तेव्हा भुकेल्याला अन्न देणे पुरेसे असते की त्याच्या गावचा बाजारही जगवावा लागतो?

हा प्रश्न आजचा नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, याच पुणे जिल्ह्यात, एका वकिलाने तो आपल्या आयुष्याच्या केंद्रस्थानी आणला होता. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. स्वदेशीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते आणि एका ओळीत संपतेही. त्या ओळीमागे एका भीषण दुष्काळाचा आणि त्या दुष्काळाशी झुंजलेल्या माणसाचा इतिहास आहे.

साताऱ्याचा कारकून, पुण्याचा वकील

गणेश वासुदेवांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात झाला. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. साताऱ्याची गादी नावापुरती शिल्लक होती. घरची स्थिती बेताची. इंग्रजी विद्येची नवी दारे त्यांच्या पिढीतील फार थोड्यांना उघडली आणि गणेश वासुदेव त्या थोड्यांपैकी नव्हते. त्यांचे शिक्षण मुख्यत्वे मराठीतून झाले. १८४८ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि न्यायखात्यात नाझराच्या कचेरीत नोकरीस लागले.

त्या कचेरीतील वर्षांनी त्यांना कायदा शिकवला आणि माणसेही शिकवली. कर्जरोख्यावर अंगठा उठवणारा शेतकरी, फिर्याद घेऊन येणारा सावकार, जप्तीचा हुकूम घेऊन जाणारा बेलिफ, हा सारा व्यवहार त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज जात होता. पुढे १८६५ मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली व पुण्यात वकिली सुरू केली. थोड्याच वर्षांत त्यांचा चांगला जम बसला. स्वभाव मोकळा, बोलणे सरळ आणि कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाण्याची वृत्ती. पुण्याच्या पेठांतून त्यांची ओळख वाढत गेली.

या ओळखीचा उपयोग लवकरच झाला. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल पुण्यात नाराजी होती. तक्रार करणाऱ्यांपुढे अडचण अशी, की लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न उपस्थित होत असे. काकांनी त्याला वकिली पद्धतीने उत्तर दिले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांनी लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे आणली होती. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सभेचे अध्यक्ष झाले. परंतु सभेचा रोजचा भार वाहिला तो गणेश वासुदेवांनी. सभेच्या कामात ते इतके एकरूप झाले, की सार्वजनिक हा शब्द त्यांच्या नावालाच चिकटला.

रानडे पुण्यात आले

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. एक विद्वान, मितभाषी आणि सरकारी नोकरीच्या मर्यादेत राहून काम करणारा. दुसरा इंग्रजी विद्येत मागे, पण रस्त्यावर उतरून माणसे जोडणारा. या दोघांची जोडी जमली. रानड्यांनी आकडे मांडायचे, अर्ज लिहायचे. काकांनी गावे फिरायची, माणसे गोळा करायची, अर्जांवर सह्या घ्यायच्या. त्या दशकातील सभेचे जवळजवळ प्रत्येक मोठे काम या दोघांच्या श्रमविभागणीतून उभे राहिले. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही त्याच सुमारास पुण्यात स्त्रीविचारवती सभा सुरू केली.

त्या वेळचे दख्खन आतून पोखरले जात होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले आणि भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर घेतलेली कर्जे मात्र राहिली. त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली. साऱ्याचा हप्ता ठरलेल्या दिवशी रोख भरायचा असे. पीक हाती येवो अथवा न येवो. शेतकरी सावकाराकडे जाई आणि सावकार न्यायालयात. सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या या स्थितीची चौकशी केली व १८७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

बाजाराची दुसरी बाजू कारागिरांची होती. बोरघाटातून आगगाडी आली आणि मँचेस्टरचे कापड थेट पेठांतल्या दुकानांत येऊन पडले. आगगाडी हे व्यापाराचे मोठे साधन होते. पण तिच्या डब्यांतून येणाऱ्या मालापुढे हातमागाचे कापड महाग ठरू लागले. कोष्टी आणि साळी यांच्या घरातले माग बंद पडू लागले. माग बंद पडलेला विणकर शेतमजुरीस लागे. शेतावर आधीच माणसांची गर्दी होती.

दुकानदार वकील

१८७२ मध्ये काकांनी देशी वस्तूंचाच वापर करण्याचे व्रत घेतले. ते स्वतः सूत काढीत आणि जाडेभरडे पांढरे कापड वापरीत. प्रतिष्ठित वकिलाने असा वेश करावा, ही त्या काळच्या पुण्यात थट्टेची गोष्ट होती. गांधीजी त्या वेळी जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते, एवढे सांगितले म्हणजे काका किती पुढचे पाहत होते याची कल्पना येईल.

पण व्रत घेऊन ते थांबले नाहीत. याच सुमारास रानड्यांनी देशी व्यापारावर पुण्यात व्याख्याने दिली. विचार ऐकून श्रोते घरी जातात, माल मात्र कोणीतरी विकावा लागतो, हे काकांनी ओळखले. त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा साध्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात यासाठी खटपट केली. त्या मालाच्या विक्रीसाठी पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी भागीदारीच्या व सहकाराच्या तत्त्वावर दुकाने उघडली. सहकारी कायदा हिंदुस्थानात १९०४ मध्ये आला. त्याच्या तीस वर्षे आधीचा हा प्रयत्न.

या दुकानांमागचा हिशेब सोपा होता. कारागिराला दान दिले तर तो आठवडाभर जेवेल. त्याचा माल विकत घेतला तर तो पुन्हा सूत घेईल, सूत विकणारा पुन्हा कापूस घेईल, आणि कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती जातील. एक रुपया गावातच चार हातांतून फिरेल. तोच रुपया परदेशी कापडावर खर्च झाला तर दुकानदाराचा थोडासा नफा वगळता तो गावातून कायमचा जाईल. दादाभाई नौरोजी इंग्लंडमध्ये बसून देशाच्या संपत्तीच्या गळतीचा हिशेब मांडत होते. काका तीच गळती एका पेठेच्या पातळीवर बुजवू पाहत होते.

धंदा म्हणून पाहिले तर ही दुकाने फारशी चालली नाहीत. माल महाग पडे, एकसारखा नसे, भांडवल अपुरे होते. काकांना आपल्या वकिलीच्या मिळकतीतून तोटा सोसावा लागला. पुढल्या काळातील स्वदेशीच्या गौरवात या तोट्याचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा. कारण स्थानिक बाजार जगवणे हे सदिच्छेने होणारे काम नाही, त्याला भांडवल, मालाची प्रत आणि कायमचा ग्राहक लागतो, हा धडा काकांनी स्वतःच्या खिशातून विकत घेतला होता.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. धान्य लुटले गेले. पण त्यांचा खरा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे ताब्यात घेऊन त्यांच्या होळ्या करण्यात आल्या. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे म्हणून ओळखली जाते.

सुप्याचा बाजार ही त्या काळातील साऱ्या दुखण्याची नाडी होती. जिथे आठवड्याला माल विकून मीठ-तेल घ्यायचे, तिथेच कर्जाचा हप्ता मागणारा उभा असे. बाजारातला पैसा बाजारात फिरण्याऐवजी व्याजात आणि साऱ्यात निघून जात होता. सरकारने चौकशी आयोग नेमला. काकांनी आपल्या परीने वेगळा मार्ग काढला. दावे सरकारी न्यायालयात गेले की स्टँप, वकील आणि हेलपाटे यांत कर्जदार आणखी बुडतो, हे त्यांनी आपल्या व्यवसायात रोज पाहिले होते. १८७६ मध्ये सभेच्या वतीने लवाद न्यायालये सुरू झाली. उभय पक्षांनी एकत्र बसून तडजोड करावी, ही त्यामागची कल्पना. वकिलानेच वकिलीचे उत्पन्न घटवणारी संस्था उभी करावी, हे काकांच्या स्वभावाला धरूनच होते.

आणि मग पाऊस आला नाही.

१८७६ : धान्य होते, पैसा नव्हता

१८७६ च्या पावसाळ्याने दख्खनला दगा दिला. पुणे जिल्ह्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत. हिंजवडीसह मुळशी-मावळचा पश्चिम पट्टा सह्याद्रीच्या पावसावर भात पिकवतो. पूर्वेकडील इंदापूर, बारामती, दौंड हा भाग परतीच्या पावसावर ज्वारी-बाजरीचे पीक काढतो. त्या वर्षी घाला पडला तो मुख्यत्वे पूर्वेवर. तिथून सोलापूर, नगर, विजापूरपासून थेट मद्रास इलाख्यापर्यंत आणि म्हैसूर संस्थानापर्यंत हा दुष्काळ पसरला. तो दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. त्यात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

या दुष्काळाचे वैशिष्ट्य असे, की बाजारात धान्य मुळीच नव्हते अशी स्थिती सर्वत्र नव्हती. मुंबई सरकारने धान्याच्या व्यापारात हस्तक्षेप करायचा नाही असे धोरण ठेवले होते. व्यापाऱ्यांनी आगगाडीने बाहेरून धान्य आणले. मद्रास सरकारने आरंभी स्वतः धान्य खरेदी केली, तेव्हा त्यामुळे खासगी व्यापारी बिचकतील म्हणून वरिष्ठ सरकारने नापसंती दर्शवली. याच काळात हिंदुस्थानचा गहू इंग्लंडलाही जात होता. धान्य येत होते, जात होते, गोण्या रचलेल्या होत्या. त्या गोणीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती मात्र पैसा नव्हता.

ज्याचे पीक बुडाले त्याने कापड घेणे थांबवले, म्हणून विणकर बसला. नवे भांडे घेणे थांबवले, म्हणून कसब्यातल्या तांबटाचा हातोडा थांबला. अवजारे दुरुस्त करायची गरज उरली नाही, म्हणून लोहार आणि सुतार रिकामे झाले. पाऊस शेतावर पडला नव्हता, पण त्याची झळ प्रथम बसली ती शेत नसलेल्यांना. शेतकऱ्याकडे निदान विकायला बैल होता, मोडायला बायकोचे दागिने होते. कारागिराकडे त्याचा माग होता आणि दुष्काळात माग कोणी विकत घेत नाही.

एक पौंडाची मजुरी

सरकारने मदतीची कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग, नीरेचा कालवा, पाटसजवळचा मातोबा तलाव यांसारख्या कामांवर हजारो माणसे खडी फोडू लागली, माती वाहू लागली. त्यांतील काही कामे आजही जिल्ह्याच्या उपयोगी पडत आहेत. प्रश्न होता मजुरीचा.

सर रिचर्ड टेंपल यांनी १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मोठी प्राणहानी टाळली होती. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला. १८७७ च्या आरंभी दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते काटकसरीचा निश्चय करूनच आले. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोख, असे मजुरीचे मान ठरले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर माणूस काम करू शकत नाही, असा आक्षेप घेतला. दख्खनच्या मजुरांनी तो आक्षेप वेगळ्या रीतीने नोंदवला. हजारो जणांनी कामे सोडून दिली.

या वेळी सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधी पाठवले होते. पिकांची स्थिती, धान्याचे भाव, गुरांची अवस्था, कामांवरील माणसांची संख्या, गाव सोडून गेलेली कुटुंबे अशी माहिती ते पुण्यास कळवीत. तिच्या आधारे सभा सरकारकडे एकामागून एक निवेदने धाडीत असे. ही निवेदने भावनेला आवाहन करणारी नव्हती. त्यात तालुकावार तपशील होता, दर होते. रानड्यांची लेखणी आणि काकांचे माणसांचे जाळे यांचा तो संगम होता. मजुरी वाढवा, ही सभेची प्रमुख मागणी होती.

त्या मागणीचा अर्थ आज नीट समजून घेतला पाहिजे. बाजारात ढवळाढवळ करू नये हा सरकारचा आग्रह सर्वस्वी चुकीचा नव्हता. सरकारच मोठा खरेदीदार झाले तर लहान व्यापारी बाजूला होतो, आणि संकट संपल्यावर त्याची जागा घेणारा कोणी नसतो. पण सरकारने बाजाराचे एकच अंग जपले. विकणाऱ्याला मोकळीक दिली आणि विकत घेणाऱ्याला उपाशी ठेवले. ज्या बाजारात ग्राहकाच्या हाती पैसा नाही, तिथे मोकळ्या व्यापाराचा लाभ जिकडे पैसा आहे तिकडे जातो. धान्यही तिकडेच जाते. सभेची मागणी बाजाराच्या विरोधातली नव्हती. मजुराला बाजारात ग्राहक म्हणून पुन्हा उभे करण्याची होती.

दिल्ली दरबारातील पांढरे कापड

दुष्काळ ऐन भरात असताना, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला. संस्थानिक जरतारी पोशाखात, हत्तींवरून आले. मेजवान्या झडल्या. सार्वजनिक सभेच्या वतीने काका तिथे गेले ते आपल्या हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, अशी मागणी करणारे मानपत्र सभेने सादर केले.

त्या दरबारातील काकांच्या पोशाखाचे वर्णन देशभक्तीचे चिन्ह म्हणून केले जाते, ते योग्यच आहे. पण त्याच महिन्यात पुणे व सोलापूर जिल्ह्यांत विणकर खडी फोडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कपड्याला आणखी एक अर्थ येतो. ते कापड विणणाऱ्याला कोणीतरी दाम मोजला होता.

अखेरची वर्षे

दुष्काळाने आणखी एका माणसाला पेटवले. लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके हे सभेच्या वर्तुळातील व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी होते. दुष्काळी मुलखातील हाल पाहून त्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र उठाव केला. काकांचा मार्ग अर्जांचा आणि दुकानांचा, फडक्यांचा शस्त्राचा. दोघांमधील अंतर मोठे होते. पण फडके पकडले गेले, पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला आणि सरकारच्या रोषाला भिऊन वकील पुढे येईनात, तेव्हा काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्या धाडसाची किंमत त्यांना ठाऊक होती. सार्वजनिक सभेकडे सरकार आधीच संशयाने पाहत होते.

२५ जुलै १८८० रोजी काकांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. दुष्काळातील धावपळ, सभेचा भार आणि दुकानांचा तोटा यांनी ते थकले होते. मागे मोठी इस्टेट ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळात मुख्य उणीव अन्नाची नसून रोजगाराची व मजुरीची असते, हे आयोगाने मान्य केले. त्यातून पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ निवारणाचे नियम तयार झाले. शेकडो वर्षांच्या कारागिरीचे हात खडी फोडण्यात वाया घालवू नयेत, त्यांना त्यांच्याच धंद्यात मदत द्यावी, ही कल्पनाही हळूहळू रुजली.

पुढे काय झाले

१८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी काकांचाच धागा पुढे नेला. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात आली. सोलापूर येथील विणकरांसाठी तेथील व्यापाऱ्यांच्या सहभागाने योजना आखण्यात आली. स्थानिक समित्यांनी सरकारच्या मदतीने विणकरांना त्यांच्याच कामात आधार द्यावा, असा तिचा आशय होता. मुंबई सरकारने ती स्वीकारली नाही. ज्या सार्वजनिक सभेच्या वतीने शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून सांगितले जात होते, तिची सरकारदरबारची मान्यताच १८९७ मध्ये काढून घेण्यात आली.

स्वतंत्र महाराष्ट्राला १९७२ चा दुष्काळ पाहावा लागला. त्या वेळी वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीने लक्षावधी हातांना काम दिले. मजुरीचा पैसा गावच्या आठवडी बाजारात आला आणि तो बाजार सुरू राहिला. १९७७ मध्ये या हमीला कायद्याचे रूप मिळाले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दुष्काळाचे मूळ अन्नाच्या टंचाईपेक्षा अन्न मिळवण्याचा हक्क गमावण्यात असते, हे जगापुढे मांडले. सार्वजनिक सभेच्या निवेदनांत तो अनुभव शंभर वर्षे आधी नोंदवलेला होता.

जगातील मदतसंस्थाही आता याच वाटेवर आहेत. युद्ध आणि स्थलांतराची संकटे वर्षानुवर्षे चालतात. बाहेरून धान्याची जहाजे आणून ओतत राहिले तर तिथला शेतकरी पेरणी थांबवतो, दुकानदार दुकान मिटतो आणि मदत बंद होताच नवे संकट उभे राहते. म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्था शक्य तिथे रोख रक्कम किंवा खरेदीची कार्डे देतात. बांगलादेशातील कॉक्स बाजार येथील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत अशा कार्डांवर नेमून दिलेल्या दुकानांतून धान्य-भाजी मिळते. २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक परिषदेत अनेक देशांनी व संस्थांनी रोख मदत वाढवण्याचे मान्य केले. अर्थात, जिथे बाजारच उद्ध्वस्त झाला आहे किंवा माल पोहोचूच शकत नाही, तिथे नुसती रोकड उपयोगाची नाही. तिथे अन्नच न्यावे लागते. बाजार शाबूत आहे की नाही, हे आधी गावात जाऊन पाहावे लागते. सभेचे प्रतिनिधी तेच करीत होते.

हिंजवडीचा हिशेब

हिंजवडी पुन्हा गजबजली आहे. सकाळी चौकातली वाहतूक अडते, टपऱ्यांवर गर्दी होते. ज्या गावात एके काळी भाताची खाचरे होती, तिथे आज हजारो लहान व्यवसाय मोठ्या कंपन्यांच्या सावलीत चालतात. कंपन्यांचे दिवे मालवले की त्यांचे गिऱ्हाईक जाते, हे २०२० ने दाखवून दिले. पूर, साथ अथवा मंदी, पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल हे सांगता येत नाही. ते आल्यावर मदत द्यायला पुढे येणारे हात पुष्कळ असतील, याविषयी शंका नाही. कंपन्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी आहे, गृहनिर्माण संस्थांकडे उत्साही रहिवासी आहेत.

त्या वेळी धान्याची पाकिटे दूरच्या गोदामातून मागवायची, की गावातल्याच किराणा दुकानदाराकडून भरून घ्यायची? जेवण बाहेरून आणायचे, की बंद पडलेल्या खानावळीला ते बनवायचे काम द्यायचे? भाजीवालीला शिधा द्यायचा, की तिची भाजी विकत घेऊन शिधा म्हणून दुसऱ्याला द्यायची? खर्च तोच, पोटात जाणारे अन्नही तेच. पण दुसऱ्या वाटेने गेले तर संकट ओसरल्यावर ती खानावळ आणि ती हातगाडी जागेवर असेल.

सार्वजनिक काकांची दुकाने टिकली नाहीत. त्यांची लवाद न्यायालयेही काळाच्या ओघात मिटली. त्यांच्या हयातीत दुष्काळी मजुरीचा लढा पुरता जिंकला गेला नाही. तरी पुण्याच्या या वकिलाने एक गोष्ट आपल्या वागण्यातून दाखवून दिली. संकटात सापडलेला माणूस केवळ भुकेले पोट नसतो. तो विणकर असतो, तांबट असतो, भाजीवाला असतो. त्याच्या हातचा माल दाम देऊन घेणारा कोणी असेल, तर त्याला मदतीसाठी हात पसरावा लागत नाही.